फिजिक्स एकट्यानं: अभ्याससाहित्य निवडण्याच्या नोंदी

३ जून

आधी कामाची हद्द ठरवायची. ‘प्रगत शालेय भौतिकशास्त्र’ हे नाव फार सैल आहे, त्यात काहीही कोंबता येतं. शिक्षक नाही, वर्ग नाही, त्यामुळे कुठे थांबायचं हे सांगणारंही कोणी नाही. म्हणून पुस्तकांच्या मागे लागण्याआधी तीन अभ्यासक्रमांच्या अधिकृत पीडीएफ उतरवून घेतल्या: एपी (अमेरिकेतला ‘ॲडव्हान्स्ड प्लेसमेंट’), आयबीची (‘इंटरनॅशनल बॅकलॉरिएट’ची) हायर लेव्हल आणि ब्रिटनमधली ए-लेव्हल. काय यायला हवं हे त्यांत पाठ्यपुस्तकापेक्षा नेमकं लिहिलेलं असतं.

एपीमध्ये दोन वेगळ्या वाटा आहेत. एपी फिजिक्स १ आणि २ बीजगणितावर चालतात. फिजिक्स सी कॅल्क्युलसवर चालतं, आणि त्यात यामिकी (मेकॅनिक्स) आणि विद्युत-चुंबकत्व असे दोन स्वतंत्र भाग आहेत. या दोन वाटांची सरमिसळ केली की साहित्याचा गोंधळ सुरू होतो, कारण दोन्हीकडे धड्यांची नावं जवळपास तीच असतात.

अभ्यासक्रमाचं साल बघणंही भाग आहे. द्रव आणि वायूंची यामिकी २०२४-२५ पासून फिजिक्स २ मधून फिजिक्स १ मध्ये आली. त्याआधी २०२०-२१ मध्ये विद्युत परिपथ आणि तरंग फिजिक्स १ मधून बाहेर गेले होते. म्हणजे दहा वर्षांपूर्वीचं तयारीचं पुस्तक हातात आलं तर त्यातला मजकूर बरोबर असेल, पण अनुक्रमणिकेवर विसंबता येणार नाही. आयबीनंही मांडणी बदलली आहे. २०२५ पासून परीक्षा नव्या आराखड्यावर होते, विषय पाच मोठ्या सूत्रांत बांधलाय, आणि जुने ऐच्छिक विभाग गेले आहेत.

ठरलं ते असं: यामिकी आणि विद्युत-चुंबकत्व फिजिक्स सीच्या खोलीनं, बाकीच्यासाठी आयबीची यादी. परीक्षा द्यायची नाहीये. पण हद्द परीक्षेचीच घेते, कारण तिच्याबरोबर जुन्या प्रश्नपत्रिका येतात.

५ जून

डाउनलोडचं फोल्डर फुगलंय. जिथे तिथे ‘हे वाचाच’ अशा याद्या, आणि प्रत्येक यादीत तीच पंधरा-वीस नावं. उतरवलेलं पुस्तक म्हणजे वाचलेलं पुस्तक नव्हे, एवढं तरी स्वतःला बजावायला हवं. नियम केला: मुख्य पुस्तक एक, उदाहरणांचा स्रोत एक, पडताळणीची सोय एक. चौथी गोष्ट आत यायची असेल तर आधीची एक बाहेर जाईल.

९ जून

पुस्तकं पारखायची कशी? प्रस्तावना सगळ्यांच्याच छान असतात. म्हणून प्रत्येक पुस्तकात तीनच जागा उघडायच्या आणि तिथे काय लिहिलंय ते बघायचं.

पहिली जागा स्थितिक घर्षणाची. घर्षण म्हणजे घर्षणांक गुणिले लंब प्रतिक्रिया, एवढंच सूत्र दिलं असेल तर पुस्तक घाईत लिहिलेलं आहे. तो गुणाकार ही स्थितिक घर्षणाची कमाल मर्यादा आहे. टेबलावर नुसत्या पडलेल्या ठोकळ्याला कोणी ढकलत नसेल तर त्यावरचं घर्षण शून्य असतं. हे वाक्य ज्या पुस्तकात स्पष्ट आहे, त्याच्या लेखकानं विद्यार्थ्यांच्या वह्या तपासल्यात असं समजायला हरकत नाही.

दुसरी जागा विमानाच्या पंखाची. वरून जाणाऱ्या हवेला लांबचा रस्ता, ती खालच्या हवेबरोबर एकाच वेळी मागच्या कडेला पोचायला हवी म्हणून वेगानं जाते, वेग जास्त म्हणून दाब कमी. हे स्पष्टीकरण कित्येक पुस्तकांत आहे आणि ते चुकीचं आहे. दोन्हीकडच्या हवेनं एकाच वेळी पोचावं असा कुठलाच नियम नाही, आणि प्रत्यक्षात वरची हवा आधी पोचते. पंख हवेला खाली वळवतो, ही गोष्ट ज्या स्पष्टीकरणात येतच नाही ते अर्धवट आहे. एवढ्यावरून अख्खं पुस्तक फेकून देणार नाही, पण लेखकानं ऐकीव गोष्ट तपासून घेतली की नाही हे कळतं.

तिसरी जागा कपॅसिटरची, आणि ती माझी आवडती. १०० मायक्रोफॅरडचा रिकामा कपॅसिटर १२ व्होल्टच्या बॅटरीला रेझिस्टरमधून जोडला. पूर्ण भरल्यावर त्यावर १.२ मिलिकूलॉम भार. बॅटरीनं तेवढा भार १२ व्होल्टमधून ढकलला, म्हणजे १४.४ मिलिज्यूल ऊर्जा खर्च केली. कपॅसिटरमध्ये साठली ७.२. उरलेली अर्धी रेझिस्टरमध्ये उष्णता होऊन गेली, हे पटकन सुचतं. खरी गंमत पुढे आहे. रेझिस्टर १० ओहमचा घ्या किंवा १० किलोओहमचा, वाया जाणारी ऊर्जा ७.२ मिलिज्यूलच. पहिल्यात कालस्थिरांक १ मिलिसेकंद, दुसऱ्यात १ सेकंद, म्हणजे वेळ हजारपट वेगळा. उष्णता मात्र तितकीच.

का, हे इंटिग्रेशननं दोन ओळींत दिसतं. विद्युतधारा घातांकी पद्धतीनं कमी होत जाते. तिचा वर्ग गुणिले रोध, याची वेळेवर बेरीज केली की रोध एकदा वर येतो, एकदा खाली येतो आणि कटतो. उरतं धारकता गुणिले व्होल्टेजचा वर्ग, त्याचं अर्धं. काही पुस्तकं साठलेल्या ऊर्जेचं सूत्र चौकटीत देतात आणि पुढे जातात. उरलेली अर्धी कुठे गेली, हे विचारणारं पुस्तक मला हवंय.

१४ जून

मुख्य पुस्तक ठरलं: राइस विद्यापीठाच्या ओपनस्टॅक्स प्रकल्पातलं ‘युनिव्हर्सिटी फिजिक्स’, तीन खंड. पहिल्यात यामिकी, तरंग आणि ध्वनी, दुसऱ्यात उष्मागतिकी आणि विद्युत-चुंबकत्व, तिसऱ्यात प्रकाशिकी आणि आधुनिक भौतिकी. पुस्तक पूर्ण फुकट आहे आणि कायदेशीररीत्या फुकट आहे. कुठल्यातरी तिरक्या स्कॅनवर डोळे फोडायला नकोत.

त्याच प्रकल्पाचं ‘कॉलेज फिजिक्स’ही आहे. ते बीजगणितावर आधारलेलं आहे, आणि एपी १-२ साठी त्याची वेगळी आवृत्तीही आहे. कॅल्क्युलस अजून सुरू नसेल त्यानं तिथून सुरुवात करावी, त्यात कमीपणा काही नाही. फक्त दोन्ही एकदम उघडून बसू नये.

परीक्षेच्या तीन जागांपैकी घर्षणात पुस्तक उत्तम उतरलं. कपॅसिटरचं प्रकरण दोन ठिकाणी विभागलंय: साठवलेली ऊर्जा दुसऱ्या खंडाच्या आठव्या धड्यात, रोधासह भरण्याचा परिपथ दहाव्यात. मधला पूल वाचणाऱ्यानं बांधायचा. त्याबद्दल माझी तक्रार नाही.

दोन गोष्टी खटकतात. पुस्तक अघळपघळ आहे, एका कल्पनेला चार पानं लागतात. आणि धड्याअखेरची सोपी उदाहरणं फार एकसारखी आहेत, आकडे बदलून तेच. त्यावर उपाय म्हणून प्रत्येक धड्यातले संकल्पनात्मक प्रश्न सगळे, नेहमीच्या उदाहरणांतली निवडक, आणि शेवटची आव्हानात्मक जवळजवळ सगळी. विषम क्रमांकांची उत्तरं मागे आहेत, म्हणून निवड तिथूनच.

आटोपशीर वाचायचं असेल तेव्हा हाताशी एनसीईआरटीची अकरावी-बारावीची पुस्तकं. तीही त्यांच्या संकेतस्थळावर खुली आहेत, आणि ओपनस्टॅक्सच्या चार पानांचं काम तिथे एका परिच्छेदात होतं. पण ती उजळणीसाठी. मुख्य पुस्तक एकच.

१५ जून

जुन्या पुस्तकांबद्दल. किलोग्रॅमची व्याख्या ‘पॅरिसजवळ ठेवलेला धातूचा दंडगोल’ अशी दिसली की पुस्तक २० मे २०१९ च्या आधीचं, हे ओळखावं. त्या दिवसापासून किलोग्रॅम प्लांकच्या स्थिरांकावरून ठरतो. अँपिअरही आता दोन समांतर तारांमधल्या बलावरून ठरत नाही, इलेक्ट्रॉनच्या भारावरून ठरतो. पण एवढ्यासाठी जुनं पुस्तक बाद करू नये. उतरणीवरचा ठोकळा २०१९ च्या आधीही तसाच घसरत होता. जुन्या पुस्तकांतली उदाहरणं बऱ्याचदा जास्त कसदार असतात. सावध राहायचं ते आधुनिक भौतिकीच्या धड्यांत.

२२ जून

कॅल्क्युलस किती हवं? साहित्य शोधताना हा प्रश्न सगळ्यात जास्त घाबरवतो, आणि उत्तर अपेक्षेपेक्षा लहान आहे. बहुपदी, साइन-कोसाइन आणि घातांकी फलनांची डेरिव्हेटिव्ह आणि इंटिग्रल, साखळी नियम, आणि चलं वेगळी करून सुटणारं साधं डिफरन्शियल समीकरण. एवढ्यावर फिजिक्स सीची यामिकी निभावते.

स्वतःची चाचणी एकाच उदाहरणानं घ्यावी. पडणाऱ्या वस्तूवर वेगाच्या प्रमाणात हवेचा विरोध आहे. समीकरण मांडा, सोडवा, आलेख काढा. उत्तर असं येतं की वेग सुरुवातीला सरळ रेषेत वाढतो, मग वाकतो आणि एका अंतिम वेगाकडे झुकतो. वजन भागिले विरोधाचा गुणांक, तो हा अंतिम वेग. सोडवल्यावर स्वतःला दोन प्रश्न विचारायचे: अगदी सुरुवातीला त्वरण किती? खूप वेळानं किती? उत्तरं गुरुत्वत्वरण आणि शून्य, आणि ती समीकरण न सोडवताही सांगता यायला हवीत. समीकरण सुटलं पण हे दोन प्रश्न अडले, तर कमतरता गणितात नाही, फिजिक्समध्ये आहे. त्यासाठी गणिताचं आणखी एक पुस्तक उतरवून उपयोग नाही.

गणित खरंच कच्चं असेल तर खान अकॅडमीचे कॅल्क्युलसचे धडे पुरतात. तिथे सराव आणि लगेच तपासणी दोन्ही आहेत.

३० जून

इतक्या शोधानंतर एक गोष्ट पक्की होत चाललीय. समजावून सांगणाऱ्यांचा तुटवडा नाही. न्यूटनचा तिसरा नियम पाहिजे तितक्या तऱ्हांनी समजावलेला मिळतो. टंचाई आहे ती चढत्या काठिण्याच्या चांगल्या उदाहरणांची आणि आपलं उत्तर कुठे घसरलं हे दाखवणाऱ्या सोयीची. वर्गात हे काम शिक्षक करतात. एकट्यानं शिकणाऱ्यानं साहित्य निवडताना पहिला प्रश्न हाच विचारावा: हे मला तपासणार कसं?

या कसोटीवर दोन गोष्टी टिकल्या.

एक, केंब्रिज विद्यापीठाचा आयझॅक उपक्रम. प्रश्न पातळ्यांनुसार लावलेले, उत्तर टाकलं की लगेच तपासणी, अडलात तर टप्प्याटप्प्यानं सूचना. सार्थ अंकांबाबत तो कडक आहे. दिलेली माहिती दोन सार्थ अंकांत असताना कॅल्क्युलेटरवरचे सगळे अंक उतरवून काढले तर तो अडवतो. सुरुवातीला वैताग येतो. मग उत्तर लिहिण्याआधी हात आपोआप माहितीकडे वळतो, आणि हीच सवय प्रयोगाच्या नोंदींत उपयोगी पडते.

दोन, जुन्या प्रश्नपत्रिका, पण गुणदानाच्या तक्त्यासकट. एपीचे दीर्घोत्तरी प्रश्न आणि त्यांचे तक्ते अधिकृतपणे खुले आहेत. हा तक्ता उत्तरसूचीपेक्षा खूप जास्त शिकवतो. ऊर्जा-अक्षय्यतेचं समीकरण मांडल्याचा गुण वेगळा, योग्य किमती घातल्याचा वेगळा, शेवटच्या उत्तराचा वेगळा. शेवटचा आकडा चुकला तरी पहिले दोन हातात राहतात. म्हणजे परीक्षक आकड्याच्या आधी विचाराची साखळी शोधतो. आपली वही त्या नजरेनं वाचली की कळतं, आपण किती पायऱ्या मनातल्या मनात उडवतो.

एक खुणेची गोष्ट: फिजिक्स सीच्या जुन्या पत्रिकांत प्रत्येक भागाला तीन दीर्घोत्तरी प्रश्न आणि ४५ मिनिटं असत. २०२५ पासून चार प्रश्न आणि १०० मिनिटं झाली, आणि प्रश्नांचे प्रकारही ठरवून दिले गेले. त्यातला एक प्रकार पूर्णपणे प्रयोगाची आखणी आणि विश्लेषण यावर आहे. जुन्या पत्रिका सरावाला चालतात. वेळ लावताना मात्र कोणत्या सालची पत्रिका आहे ते बघायचं.

आंतरराष्ट्रीय भौतिकशास्त्र ऑलिम्पियाडच्या पत्रिकाही खुल्या आहेत, थेट १९६७ च्या वॉर्सामधल्या पहिल्या स्पर्धेपासून. बघितल्या, मोह झाला, बाजूला ठेवल्या. एकेक प्रश्न दिवस खातो आणि त्यातून मुख्य धड्याची मांडणी पक्की होत नाही. त्या नंतर.

८ जुलै

व्हिडिओ. एमआयटीचा खुल्या अभ्यासक्रमांचा उपक्रम २००१ मध्ये जाहीर झाला, आणि आज यामिकीवरची विद्यापीठ दर्जाची व्याख्यानं कोणालाही बघता येतात. ती चांगली आहेत. अडचण अशी की चांगलं व्याख्यान बघताना सगळं समजतंय असं वाटतं आणि कोरं पान समोर आलं की पहिलं समीकरण सुचत नाही. व्याख्यात्याचा हात चालतो, आपला नाही.

म्हणून क्रम उलटा केलाय. आधी धडा वाचायचा, दोन उदाहरणांना भिडायचं, जिथे अडेल ती जागा लिहून ठेवायची, आणि फक्त त्या जागेसाठी व्हिडिओ. अख्खी मालिका पहिल्यापासून बघणं बंद. वेळ वाचतोच, शिवाय व्याख्यात्यानं फळ्यावर नेमकी तीच पायरी घेतली की कान टवकारले जातात.

१७ जुलै

प्रयोगशाळा. एकट्यानं शिकणाऱ्यांच्या याद्यांत हा भाग जवळजवळ नसतोच, आणि अभ्यासक्रमात त्याला चांगलं वजन आहे.

आखन विद्यापीठात तयार झालेलं फायफॉक्स नावाचं मोफत ॲप फोनमधले सेन्सर उघडे करून देतं. त्वरणमापक चालू केला आणि फोन टेबलावर ठेवला. आकडा ९.८ च्या आसपास. फोन तर स्थिर आहे! मग फोन उशीवर पडू दिला: हवेत असेपर्यंत आकडा शून्याजवळ, उशीवर आदळताना उंच टोक. म्हणजे त्वरणमापकाला गुरुत्वाकर्षण कळत नाही. त्याला कळतो टेबलाचा वरच्या दिशेचा रेटा. पाठ्यपुस्तकातला ‘वजनरहित अवस्था’ हा परिच्छेद एवढ्यानं डोळ्यांसमोर उभा राहतो, आणि आइनस्टाइनचं समतुल्यतेचं तत्त्वही इथूनच सुरू होतं.

दुसरा प्रयोग जुनाच, दोरीला बांधलेल्या नटाचा लंबक. लांबी १ मीटर असेल तर आवर्तकाल २.०१ सेकंद यायला हवा. दहा आवर्तनं मोजली की साधारण २० सेकंद. घड्याळ दाबताना ०.२ सेकंद इकडेतिकडे झालं तर आवर्तकालात १ टक्का चूक, आणि गुरुत्वत्वरणाच्या सूत्रात आवर्तकालाचा वर्ग असल्यामुळे तिथे २ टक्के. लांबी मोजताना १ सेंटिमीटर चुकलं तर १ टक्का. म्हणजे फूटपट्टीपेक्षा घड्याळावर मेहनत घ्यायला हवी, हे प्रयोग करण्याआधीच कागदावर कळतं.

मग झोका मोठा केला. १० अंशांपर्यंत आवर्तकालातला फरक ०.२ टक्के, तो या साधनांनी दिसणारही नाही. ३० अंशांना १.७ टक्के, आणि नेहमीच्या सूत्रात तोच आवर्तकाल घातला तर गुरुत्वत्वरण ९.८ ऐवजी ९.५ येतं. ‘लहान कोनासाठी’ ही अट पुस्तकात कंसात असते आणि वाचताना निसटते. ती किती लहान, हे इथे मोजून दिसतं. ए-लेव्हल आणि एपीच्या प्रयोगावरच्या प्रश्नांत नेमकं हेच विचारतात: कोणती राशी मोजाल, कशाविरुद्ध कशाचा आलेख काढाल म्हणजे सरळ रेषा येईल, उतारावरून काय काढाल. लंबकासाठी आवर्तकालाचा वर्ग विरुद्ध लांबी. रेषा आरंभबिंदूतून गेली नाही तर लांबी नटाच्या मध्यापर्यंत मोजली नव्हती असा संशय घ्यावा.

१९ जुलै

विद्युत-चुंबकत्वासाठी घरगुती प्रयोग तोकडे पडतात. तिथे फेट. कोलोरॅडो विद्यापीठातला हा सिम्युलेशनचा प्रकल्प कार्ल वीमन यांनी २००२ मध्ये सुरू केला, भौतिकशास्त्राचं नोबेल मिळाल्यानंतरच्या वर्षी. परिपथ जोडण्याचं सिम्युलेशन सगळ्यात उपयोगी. खेळत बसायचं नाही. आधी वहीत भाकीत लिहायचं, मग स्विच दाबायचा. समांतर जोडणीतला एक दिवा काढला तर दुसऱ्याचा प्रकाश वाढेल, घटेल की तसाच राहील? आणि बॅटरीला स्वतःचा अंतर्गत रोध दिला तर? दुसऱ्या प्रश्नावर भाकीत लिहिताना पेन रेंगाळतं, आणि तिथेच शिकण्यासारखं असतं.

२ ऑगस्ट

यामिकी संपली म्हणायची तर पुरावा हवा. एका जुन्या पत्रिकेचा यामिकीचा भाग घड्याळ लावून सोडवला आणि तक्त्यावरून तपासला. ऊर्जा आणि संवेग व्यवस्थित. गुण गेले ते भ्रमणगतीत, आणि तेही ‘समर्थन करा’ असं म्हटलंय तिथे. उतरणीवरून घरंगळणारा भरीव गोळा कड्याच्या (रिंगच्या) आधी पोचतो, हे गणितानं येतं: न घसरता घरंगळणाऱ्या गोळ्याचं त्वरण घर्षणाविना घसरणाऱ्या ठोकळ्याच्या तुलनेत पाच सप्तमांश, कड्याचं अर्धं. पण एकही चिन्ह न वापरता दोन वाक्यांत का ते लिहा म्हटलं की अडखळायला होतं. वस्तुमान अक्षापासून दूर असेल तर त्याच ऊर्जेतला जास्त वाटा फिरण्यात जातो, पुढे सरकायला कमी उरतो. एवढंच हवं असतं.

त्यासाठी मुख्य पुस्तकाच्या दहाव्या-अकराव्या धड्यातले संकल्पनात्मक प्रश्न लेखी सोडवायला घेतलेत, आकडे वर्ज्य. वेगळं पुस्तक आणायची गरज वाटली नाही.

मध्ये फाइनमन यांची व्याख्यानं चाळली. कॅलटेकमध्ये १९६१ ते १९६३ या काळात दिलेली, आता ऑनलाइन वाचायला खुली. त्यांचं नाव प्रत्येक यादीत पहिलं असतं, आणि माझं मत असं की सुरुवात करणाऱ्यानं त्यांना हातात घेऊ नये. त्यांत सोडवायला उदाहरणं जवळजवळ नाहीत. धडा पूर्ण झाल्यावर त्याच विषयावरचं व्याख्यान वाचलं तर मात्र मजा येते, कारण मग ते कुठून कुठे उडी मारतात हे दिसतं. फोल्डरमध्ये राहतील, रांगेत नाहीत.

११ ऑगस्ट

पुढच्या टप्प्याचं साहित्य लावून ठेवलं. दुसऱ्या खंडात उष्मागतिकी आधी येते, पण मी पाचव्या धड्यापासून, म्हणजे विद्युतभारापासून सुरू करतेय. कॅल्क्युलस ताजं आहे तोवर गाउसचा नियम आटोपलेला बरा. उष्मागतिकी त्यानंतर आयबीच्या यादीनुसार. सापेक्षतेसाठी तिसऱ्या खंडाचा पाचवा धडा पुरेल. वेगाबरोबर वस्तुमान वाढतं अशी जुनी मांडणी असलेली दोन पुस्तकं फोल्डरमधून काढली, कारण ती वाचून आयबीच्या प्रश्नांकडे वळलं की चिन्हांचा घोळ होतो.

क्वांटम भागासाठी चढत्या काठिण्याची उदाहरणं अजून मनासारखी सापडलेली नाहीत. प्रकाशविद्युत परिणामावरचे प्रश्न सगळीकडे आहेत, पण बहुतेक एकाच साच्याचे: कार्यफलन (धातूतून इलेक्ट्रॉन सुटायला लागणारी किमान ऊर्जा) दिलंय, तरंगलांबी दिलीय, कमाल ऊर्जा काढा. मला असे हवेत की ज्यांत मोजमापांचा तक्ता दिलेला असेल आणि आलेखावरून प्लांकचा स्थिरांक काढायचा असेल. ए-लेव्हलच्या वेगवेगळ्या परीक्षा मंडळांच्या गेल्या काही वर्षांच्या पत्रिका त्यासाठी चाळायला घेतल्यात. आयझॅकचा अणुभौतिकीचा विभाग त्यानंतर.